बरे वाटू लागले म्हणून गोळी थांबवावी का?

औसा तालुक्यातील एका गावातून आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"ताई, मी २२ वर्षांची असून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी माझे हात कापू लागले, अक्षर बारीक आणि वेडेवाकडे झाले, बोलताना जीभ जड पडू लागली, तोंडातून लाळ गळू लागली. गावात कोणी बाहेरचे लागले म्हणाले, कोणी अभ्यासाचा ताण म्हणाले. देवऋषी झाले, दवाखाने झाले, आणि शेवटी पुण्यात विल्सनचा आजार असल्याचे निदान झाले. पेनिसिलामाइनच्या कॅप्सूल सुरू केल्यावर पहिले दोन महिने त्रास उलट वाढला, पण आता बोलणे पुष्कळ स्पष्ट झाले आहे आणि हातही स्थिर आहे. मागच्या रिपोर्टमध्ये लघवीत तांबे खूप आले, तरी डॉक्टर 'चांगले आहे' म्हणाले, ते मला कळले नाही. घरचे म्हणतात, आता बरी झालीस, गोळ्या बंद करू आणि वैद्याचे औषध घेऊ. आजी तांब्याच्या घागरीतले पाणी सोडायला तयार नाही. आत्या मला सून करून घेते म्हणते. माझ्या आई-वडिलांचे लग्नही नात्यातलेच, बाबांनी मामाची मुलगी केली आहे. आई म्हणते, गोळ्यांचे कोणाला सांगू नकोस. धाकटा भाऊ १५ वर्षांचा आहे, त्याला काही त्रास नाही. त्याची तपासणी करायला डॉक्टरांनी सांगितले होते, पण दहावी झाल्यावर बघू असे बाबा म्हणतात. मी गोळ्या थांबवल्या तर चालेल का?"

तू मला ताई म्हटलेस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते. तुझ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते : गोळ्या थांबवू नकोस. एक आठवडाही नाही, सणासुदीपुरत्याही नाही, आणि लग्न जमेपर्यंत म्हणून तर मुळीच नाही. मी डॉक्टर नाही. हाच आजार घेऊन जगणारी, विशीपासून हेच औषध घेत आलेली एक रुग्ण आहे. त्यामुळे तुझ्या औषधाची मात्रा किती असावी हे मी सांगणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांचे काम आहे. पण औषध चालू राहिले पाहिजे हे मी पूर्ण खात्रीने सांगू शकते, कारण आपल्या आजाराबद्दल जगभरातल्या डॉक्टरांचे ज्यावर दुमत नाही अशी ही गोष्ट आहे.

तांबे प्रत्येकाच्या शरीराला लागते, परंतु अगदी थोडे. रोजच्या भाकरी-वरणातून ते गरजेपेक्षा अधिकच येते आणि उरलेले तांबे यकृत पित्तात सोडते, तेथून ते शौचावाटे बाहेर पडते. तांबे पित्तात पोहोचवणारे जे प्रथिन असते ते तयार करण्याची सूचना आपल्या १३ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते, आणि तुझ्या-माझ्यात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, सदोष आहेत. त्यामुळे तांबे बाहेर जात नाही. ते जन्मापासून यकृतात साठत राहते, यकृताची क्षमता संपली की रक्तात उतरते, आणि मग मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात जाऊन बसते. तुझे हात कापणे, अक्षर बिघडणे, लाळ गळणे हे सगळे मेंदूच्या ज्या भागाचे काम बिघडल्याने झाले तो भाग हालचालींचा ताल सांभाळतो. यात बाहेरचे काहीही नव्हते, आणि तुझी वा तुझ्या आईची कोणतीही चूक नव्हती. सुमारे ३०,००० माणसांमागे एकाला हा आजार असतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणूनच गावच्या डॉक्टरांना तो चटकन ओळखता आला नाही याचा राग मनात धरू नकोस. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण त्यांच्यापुढे आला असेल.

लंडनमध्ये काम करणारे मज्जातंतूंचे डॉक्टर किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हा त्यावर काहीही उपचार नव्हता. ज्यांना तो झाला ती तरुण मुले-मुली काही वर्षांत दगावत असत. १९५६ मध्ये इंग्लंडचे डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे औषध तोंडावाटे देऊन शरीरातले तांबे लघवीवाटे बाहेर काढता येते हे दाखवले, आणि तेव्हापासून या आजाराचे भवितव्य पालटले. आज तू जी कॅप्सूल रोज घेतेस ती हीच. तिने आजार मुळासकट जात नाही, कारण जनुकातला दोष जिथल्या तिथेच राहतो. पण ती चालू असेपर्यंत तांबे साठत नाही आणि माणूस शिकतो, नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. पाझर चालू असलेल्या विहिरीत माणसे उतरवून काम करायचे असेल तर मोटार अखंड चालवावी लागते; तळ दिसू लागला म्हणून मोटार बंद करून कोणी घरी जात नाही. तुला बरे वाटते आहे ते कॅप्सूल आपले काम करते आहे म्हणून.

औषध बंद केले की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे. एक महिना जातो, तीन महिने जातात, माणूस धडधाकट फिरतो आणि घरचे म्हणतात, बघ, उगाच विष खात होतीस. मग काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, अचानक कावीळ होते, पोटात पाणी भरते, आणि यकृत इतक्या वेगाने निकामी होते की यकृत बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. ज्यांना तुझ्यासारखा मेंदूचा त्रास होता त्यांचे बोलणे-चालणे पुन्हा बिघडते, आणि या वेळी औषध पुन्हा सुरू करूनही ते सगळे परत येईलच असे नसते. तपासणीच्या रांगेत मला अशी माणसे भेटली आहेत. त्यांपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाला आधी बरे वाटले होते, एवढेच. म्हणून तुझ्या घरच्यांच्या बोलण्याचा मला राग येत नाही, पण त्यांचे ऐकू नकोस असेच मी सांगेन.

पहिल्या दोन महिन्यांत त्रास वाढला म्हणून घरच्यांचा औषधावरचा विश्वास डळमळला असेल, तर त्यांना हेही समजावून सांग. ज्यांच्या मेंदूवर परिणाम झालेला असतो अशा काही रुग्णांना पेनिसिलामाइन सुरू केल्यावर सुरुवातीला कंप वा बोलण्यातला दोष वाढलेला दिसतो, हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे आणि म्हणूनच ते हे औषध थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. तुझ्या बाबतीत तो टप्पा ओलांडला गेला आहे. सुधारणा पुढेही बराच काळ होत राहू शकते, त्यामुळे वाचा-उपचार किंवा हातांचे व्यायाम सांगितले असतील तर तेही सोडू नकोस. मनाबद्दल तू काही लिहिले नाहीस, पण मी विचारते : विनाकारण संताप येतो का, रडू येते का, कशातच मन लागेनासे होते का? तांब्याचा परिणाम मनावरही होतो. असे काही होत असेल तर तो तुझा स्वभाव बिघडला असे समजू नकोस आणि पुढच्या भेटीत कंपाइतक्याच सहजपणे डॉक्टरांना सांग.

आता रिपोर्टबद्दल. निदानाच्या वेळी, औषध सुरू नसताना, चोवीस तासांच्या लघवीत तांबे जास्त सापडणे ही आजाराची खूण असते. मोठ्या माणसात १०० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात. पण औषध सुरू झाल्यावर त्याच आकड्याचा अर्थ बदलतो, कारण आता औषधच तांबे ओढून लघवीत आणत असते. पेनिसिलामाइन चालू असलेल्या, स्थिरावलेल्या रुग्णात रोजचा आकडा साधारण २०० ते ५०० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असणे अपेक्षित असते. म्हणून तुझे डॉक्टर समाधानी होते. ही तपासणी करताना पहाटेची पहिली लघवी सोडून द्यायची आणि त्यानंतरची प्रत्येक वेळची, दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या पहिल्या लघवीसकट, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्येच जमा करायची असते. घरातले कोणतेही धातूचे भांडे मध्ये वापरू नकोस, नाहीतर आकडा चुकतो. एकत्र कुटुंबात दिवसभर तो कॅन सांभाळणे संकोचाचे असते हे मी जाणते. कॉलेजला सुटी असेल असा दिवस त्यासाठी निवड. याखेरीज रक्तपेशी, यकृताच्या चाचण्या आणि लघवीतले प्रथिन यांची तपासणी वर्षातून किमान दोनदा होत राहिली पाहिजे, कारण पेनिसिलामाइन कधी कधी मूत्रपिंडावर आणि रक्तपेशींवर परिणाम करते. ताप, अंगावर पुरळ, पायांवर वा चेहऱ्यावर सूज, अंगावर काळे-निळे डाग असे काही दिसले तर स्वतःच्या मनाने औषध बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. औषध सोसवत नसेल तर ट्रायेंटिन आहे, झिंक आहे. म्हणजे औषध बदलता येते, पण औषधावाचून राहता येत नाही.

रोजच्या शिस्तीबद्दल थोडे लिहिते, कारण आजार सांभाळायचा म्हणजे प्रत्यक्षात हेच करायचे असते. पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घ्यायचे असते, जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर. अन्नाबरोबर घेतले तर ते पुरेसे अंगी लागत नाही. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात त्या आणि कॅप्सूल एका वेळी घेऊ नकोस, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेव. या औषधाने शरीरातले बी-६ जीवनसत्त्व कमी होते, म्हणून डॉक्टर पायरिडॉक्सिनची गोळी सोबत देतात. ती किरकोळ वाटते म्हणून वगळू नकोस. आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे : तालुक्याच्या मेडिकलमध्ये पेनिसिलामाइन सहसा नसते, ते लातूरहून, संभाजीनगरहून किंवा पुण्याहून मागवावे लागते, आणि अधूनमधून तेथेही तुटवडा होतो. महिन्याभराचा साठा घरात शिल्लक असतानाच पुढची मागणी नोंदव. डब्यात दोन दिवसांच्या कॅप्सूल उरल्या असताना धावपळ करणे आपल्या आजारात परवडत नाही. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरत असशील तर डॉक्टरांशी बोलून औषधाच्या वेळा आधीच ठरवून घे. उपवास करावा की नाही हा तुझा प्रश्न आहे, पण कॅप्सूल त्यात सोडायची नाही.

आजीच्या घागरीबद्दल मी तुझ्या बाजूने आहे, तरी आजीशी भांडू नकोस. इतरांच्या शरीरातून जादा तांबे सहज निघून जाते, त्यामुळे त्यांनी ते पाणी प्यावे की नाही यावर मला काही म्हणायचे नाही. पण तुझ्यासाठी पाण्याचा स्टीलचा किंवा मातीचा वेगळा माठ हवा आणि तुझ्या पिण्याचे पाणी व स्वयंपाक यांसाठी तांब्याचे वा बिनकल्हईचे पितळेचे भांडे नको. आजीला पटवायचे असेल तर तिला कल्हईची आठवण करून दे. आंबट पदार्थ पितळेत कळकतो म्हणून भांड्यांना आतून कल्हई करून घ्यायची पद्धत तिच्याच पिढीची आहे. भांड्यातले तांबे अन्नात उतरते हे ती पिढी जाणत होती. आपल्या देशात पूर्वी तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा रोग होत असे. १९८० च्या दशकात पुण्यातील बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधाशी त्याचा संबंध दाखवून दिला, आणि भांडी बदलत गेली तसा तो रोग आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तो आजार आपला नव्हे, पण दूध असो की पाणी, धातू त्यात उतरतो एवढे त्यावरून स्पष्ट होते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, वावरात जेवायला जाल तेव्हा अंबील पितळेच्या घागरीतून नेत असतील तर तुझ्यापुरती स्टीलच्या डब्यात वेगळी काढून ठेव. अंबील आंबट असते, आणि आंबटात तांबे अधिक उतरते.

खाण्यात बोकडाचे काळीज पूर्ण वर्ज्य कर. काजू, तीळ, चॉकलेट, अळिंबी हे पदार्थ निदान पहिल्या वर्षी टाळलेले बरे. संक्रांतीला तिळगुळाचा एखादा कण तोंडात टाकलास म्हणून घाबरून जाऊ नकोस, पण तिळाची पोळी आणि तिळाची चटणी रोजची नको. मद्य कायमचे वर्ज्य आहे, हे तुला सांगण्याची गरज नसेल. इतके करूनही, केवळ पथ्याने हा आजार आवरत नाही. कितीही कडक पथ्य पाळले तरी रोजच्या साध्या जेवणात तांबे असतेच. पथ्य औषधाच्या सोबतीला असते, त्याच्या जागी नव्हे.

वैद्याच्या औषधाबाबत मात्र मी जरा कठोर होणार आहे. यकृताच्या तक्रारींसाठी आयुर्वेदात सर्रास दिल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीचेच उदाहरण बघ. तिच्या पारंपरिक पाठात ताम्रभस्म आहे. ताम्रभस्म म्हणजे तांबेच. दुसऱ्या कोणाला त्याचा उपयोग होत असेल वा नसेल, आपल्यासाठी ते सरळ अपाय करणारे आहे, आणि देणाऱ्याला आपल्या आजाराची माहिती नसेल तर तो चांगल्या हेतूनेच ते देईल. काविळीवरच्या गावठी झाडपाल्यात काय असते हे देणाराही सांगत नाही. म्हणून घटक लिहिलेले नाहीत असे कोणतेही औषध नको. मेडिकलमधल्या शक्तीच्या गोळ्यांची पाकिटेही वाचून घे. जीवनसत्त्वे आणि खनिजे एकत्र असलेल्या पुष्कळ गोळ्यांत तांबे घातलेले असते.

आता आत्याबद्दल लिहिते. तिने तुझा आजार जाणून तुला मागितले यात प्रेम आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. तरीही या स्थळाला घाईने होकार देऊ नका असे मी तुझ्या आई-वडिलांना सांगेन. कारण जनुकाच्या हिशोबात आहे. तुझ्या दोन्ही प्रती सदोष आहेत, म्हणजे तुझ्या प्रत्येक मुलाला एक सदोष प्रत तुझ्याकडून मिळणारच. दुसरी प्रतही सदोष मिळाली तरच त्याला आजार होईल, आणि ती मिळायची तर ती नवऱ्याकडूनच. नात्याबाहेरच्या माणसात अशी प्रत असण्याची शक्यता साधारण ९० त एक धरली जाते, म्हणून मूल आजारी होण्याची शक्यता १८० त एक, म्हणजे अगदी थोडी. तुझ्या बाबांकडे मात्र एक सदोष प्रत नक्कीच आहे, त्यामुळे त्यांच्या सख्ख्या बहिणीकडे ती असण्याची शक्यता निम्मी, तिच्या मुलाकडे असण्याची शक्यता चारात एक, आणि तुमच्या मुलाला आजार होण्याची शक्यता किमान आठात एक येते. आपल्या मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे आणि बहुतेक घरांत ती निर्विघ्न पार पडते. ज्या घरात असा दोष उघड झाला आहे तेथे मात्र तीच रीत पुढच्या पिढीच्या अंगावर येते. आत्याचा मुलगा तुलाही मनापासून पसंत असेल तर एक वाट आहे. आधी तुझ्या जनुकातला नेमका दोष शोधायचा आणि मग त्याच्या रक्तात तोच दोष आहे का ते पाहायचे. ही चाचणी मोठ्या शहरांत होते आणि तिचा निकाल हातात आल्यावरच होकार-नकार ठरवता येईल.

स्थळ कोणतेही असो, गोळ्या लपवून लग्न करू नकोस. यात प्रामाणिकपणाचा प्रश्न तर आहेच, पण मला त्याहून व्यवहारातली भीती जास्त वाटते. नव्या घरात नवी सून दिवसातून दोन-तीनदा, रिकाम्या पोटी, कोणाला न दिसता कॅप्सूल घेऊ पाहील तर तिच्या वेळा चुकणारच. पाहुणे येतील, देवदर्शनाला जाणे होईल, डबी माहेरी राहील, आणि विचारायची सोय नसेल. लपवलेल्या औषधाचे काही दिवस हटकून बुडतात. साखरपुड्याआधी तुझ्या डॉक्टरांसमोर मुलाला आणि त्याच्या आई-वडिलांना बसवा आणि जे सांगायचे ते डॉक्टरांना सांगू द्या. गावभर सांगण्याची गरज नाही. आईची भीती खोटी नाही, आणि ज्यांचा संबंध नाही त्यांना उत्तर देणे तुझ्यावर बंधनकारक नाही. हे ऐकून जे मागे फिरतील ते लग्नानंतर कळल्यावर काय करतील याचा विचार आईने करावा. सांगताना आणखी दोन गोष्टी माहीत असू देत. औषध नियमित असेल तर या आजारातल्या स्त्रियांना सुखरूप बाळंतपणे होतात. गरोदरपणात औषध बंद करायचे नसते, डॉक्टर फक्त मात्रा कमी करतात वा बदलतात, म्हणून दिवस राहण्याआधीच त्यांच्याशी बोलायचे. दुसरी गोष्ट, पाळणा लांबवण्यासाठी सरकारी दवाखान्यात बसवतात ती तांबी आपल्यासाठी नाही, तिच्यात तांब्याचीच तार असते. इतर साधनांपैकी तुला कोणते चालेल ते स्त्रीरोगतज्ज्ञांना आजार सांगून ठरव.

भावाबद्दल तू शेवटी एवढेसेच लिहिले आहेस, आणि मला तुझ्या पत्रातली सर्वांत निकडीची गोष्ट तीच वाटते. तुझ्या दोन्ही पालकांकडे एकेक सदोष प्रत आहे, त्यामुळे तुझ्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. त्याला काही त्रास नाही याचा अर्थ त्याला आजार नाही असा होत नाही. वयाच्या पंधराव्या वर्षी तूही धडधाकटच होतीस, आणि तेव्हाही तुझ्या यकृतात तांबे साठत होते. आजार असेल आणि त्रास सुरू होण्याआधीच सापडला तर तो औषधाने जन्मभर निरोगी राहू शकतो. त्याचा हात कापणार नाही, अक्षर बिघडणार नाही, त्याला कोणी देवऋषीकडे नेणार नाही. तुला जी वर्षे सोसावी लागली ती त्याच्या वाट्याला येणारच नाहीत. इतके मोठे फळ इतक्या लहान तपासणीतून मिळण्याची संधी फार थोड्या आजारांत असते.

बाबांना हे पटवताना आजाराच्या नावाने सुरुवात करू नकोस, तपासणी किती सोपी आहे ते सांग. डोळ्यांच्या विभागात स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली बुबुळाच्या कडेला तांब्याचे तपकिरी वलय आहे का ते पाहतात. त्यात सुई नाही, दुखणे नाही, आणि अंबाजोगाईच्या वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील नेत्र विभागातही ते पाहता येते. रक्तात यकृताच्या चाचण्या आणि सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातले तांबे वाहणारे, या आजारात सहसा कमी असणारे प्रथिन, आणि तुला आता पाठ झालेली चोवीस तासांची लघवी. एवढ्यावरच निकाल लावू नका, कारण लहान वयात वलय नसतानाही आजार असू शकतो, आणि ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे पण आजार नाही अशा माणसाचेही सेरुलोप्लाझ्मिन कधी कधी कमी येते. हे सगळे रिपोर्ट तुझ्याच डॉक्टरांना दाखवा. शंका उरली तर तेच जनुकाची चाचणी सांगतील. दहावीची सबब बाबांनी पुढे केली तर त्यांना विचार की परीक्षेच्या ऐन हंगामात त्याचे अक्षर बिघडू लागले तर काय करणार. तुझी पुढची तपासणी जेव्हा असेल तेव्हा त्यालाही सोबत घेऊन जा, आणि ती तारीख महिन्याभरापेक्षा लांब असेल तर तिची वाट पाहू नका. बाबांना दवाखान्याच्या दाराबाहेर बसू देऊ नकोस, आत घेऊन जा, आणि तुझ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव की मुलाच्या तपासणीबद्दल त्यांनी स्वतः बाबांशी बोलावे. मुलीने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्याकडे अजून फरक पडतो. येथे तो आपल्या कामी येऊ दे. त्याचे रिपोर्ट आले की मला जरूर लिही, आणि त्यात काही आढळलेच तर त्याच्याशी मी स्वतः बोलेन.